मान द्यावा, पण मोजून

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्त्यांची नावे घेताना इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे आधी आठवतात. रायपूरचा तात्यापारा त्या मानाने मागे राहतो. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात मराठी माणसे छत्तीसगडात आली, पुढे वकिली, शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांच्या निमित्ताने येत राहिली, आणि जुन्या रायपुरातला हा भाग मराठी घरांसाठी ओळखला जाऊ लागला. आज तात्यापारा चौक म्हणजे जी. ई. रोडवरची सततची वर्दळ. इथून शारदा चौकापर्यंतचा रस्ता अरुंद, त्याच्या रुंदीकरणाचा विषय वर्षानुवर्षे गाजलेला, आणि गर्दीच्या वेळी वाहने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धूर सोडत सरकणारी. शहराच्या उत्तरेला बिरगाव, उरला आणि सिलतरा हा लोखंड-पोलादाचा पट्टा आहे. हिवाळ्यात हवा जमिनीलगत कोंडून राहते आणि त्या पट्ट्यातल्या गच्च्यांवर काळ्या धुळीचा थर बसतो. अशा शहरात हवा सुधारण्यासाठी धडपडणारी माणसे आणि कारखाने यांचा जाहीर मान करावा, ही सूचना अधूनमधून पुढे येते. ती सूचना चांगली आहे, पण तीन अटींवर. मान मोजमापावर उभा असावा. तो दर वर्षी नव्याने कमवावा लागावा. आणि ज्या यादीत उत्तीर्णांची नावे असतील त्याच यादीत अनुत्तीर्णांचीही असावीत. या अटी पाळायच्या नसतील तर सत्कार न केलेलाच बरा, कारण खोट्या मानाने खऱ्या कामाची किंमत उतरते आणि धूर तसाच राहतो.

प्रश्न किती जुना आणि किती मोठा आहे ते आधी पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्ये जगभरच्या शहरांची आकडेवारी प्रसिद्ध केली, तेव्हा पीएम 2.5 या अतिसूक्ष्म कणांच्या बाबतीत दिल्ली, पाटणा आणि ग्वाल्हेरच्या पाठोपाठ रायपूरचे नाव होते. वार्षिक सरासरी होती घनमीटरला 134 मायक्रोग्रॅम. 2016 च्या यादीत हा आकडा 144 झाला आणि रायपूर जगातल्या सर्वांत वाईट दहा शहरांत राहिले. आपल्या देशाचे वार्षिक मानक 40 आहे. आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सुचवलेली मर्यादा तर फक्त 5 आहे. नंतरच्या वर्षांतल्या नोंदी 134 आणि 144 च्या बऱ्याच खाली आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. पण इथूनच श्रेयाचा गुंता सुरू होतो. महापालिका म्हणते रस्ते झाडले आणि पाणी मारले म्हणून सुधारणा झाली. कारखानदार म्हणतात आम्ही यंत्रणा बसवल्या. पर्यावरण संरक्षण मंडळ म्हणते आम्ही नोटिसा काढल्या. आणि मोजण्याची जागा व पद्धत बदलली हेही कारणांपैकी एक असू शकते. कुणी किती केले याचा हिशेब नसेल तर मान मागणाऱ्यांची रांग लागते, आणि तो शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याला मिळतो.

रायपूरच्या हवेतला मोठा वाटेकरी स्पंज आयर्न उद्योग आहे. त्यातली खरी लढाई कुठे होते हे समजण्यासाठी भट्टीजवळ जाऊन पाहायला हवे. कोळशावर चालणारी ही भट्टी म्हणजे किंचित कललेली, सावकाश फिरणारी लांबलचक पोलादी नळी. वरच्या तोंडातून लोहखनिज, कोळसा आणि डोलोमाइट आत जाते. हजार अंशांच्या आसपासच्या उष्णतेत खनिजातला प्राणवायू निघून जातो आणि खालच्या तोंडातून सच्छिद्र लोखंड बाहेर पडते. उलट दिशेने निघालेला गरम वायू कोळशाची पूड आणि राख बरोबर घेऊन येतो. तो आधी एका चेंबरमध्ये पूर्ण जाळायचा, मग त्याच्या उष्णतेवर बॉयलर चालवून वीज करायची, मग ईएसपी या यंत्रात विजेच्या उच्च दाबाने कण पट्ट्यांवर ओढून घ्यायचे आणि शेवटी उरलेला वायू धुराड्यातून सोडायचा, असा हा क्रम. चेंबरच्या डोक्यावर एक झाकण असते, त्याला सेफ्टी कॅप म्हणतात. भट्टीत काही बिघडले, दाब वाढला, तर ते उघडायचे. पण ते उघडले की वायू बॉयलरही चुकवतो आणि ईएसपीही, आणि सारी काजळी थेट आकाशात जाते. केंद्र सरकारने 2008 मध्ये या उद्योगासाठी जी मानके काढली त्यांत धुराड्यातल्या कणांची मर्यादा कोळशाच्या भट्टीसाठी घनमीटरला 100 मिलिग्रॅम ठरवली, आणि प्रक्रिया न केलेला धूर सोडायला हे झाकण वापरू नये असेही बजावले. म्हणजे रोजचा प्रश्न दोन गोष्टींवर येऊन थांबतो: ईएसपी चालू आहे की बंद, आणि झाकण मिटलेले आहे की उघडे. ईएसपीला वीज लागते. ती बंद ठेवली की तेवढा पैसा वाचतो, आणि अंधारात धूर दिसत नाही. रात्रीच्या धुराची तक्रार रायपूरच्या उत्तर भागात म्हणूनच इतकी जुनी आहे.

यावर पहिले उत्तर अर्थातच कायद्याचे. हवा प्रदूषण प्रतिबंधाचा कायदा 1981 पासून आहे, छत्तीसगडचे पर्यावरण संरक्षण मंडळ आहे, तपासणीची रीत ठरलेली आहे. तपासनीस धुराड्याच्या शिडीने फलाटापर्यंत चढतो, ठेवलेल्या भोकातून नळी आत सरकवतो, आतल्या वायूच्या वेगाशी जुळेल अशा वेगाने नमुना ओढतो, आणि थिंबल नावाच्या गाळणीवर किती धूळ साचली ते आधीच्या आणि नंतरच्या वजनातून काढतो. काम कष्टाचे आणि नेमके आहे, पण ते एका दिवसातल्या काही तासांचे चित्र देते. अधिकारी गेटवर आला हे कळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ईएसपी सुरू करता येते. उरलेल्या दिवस-रात्रींत भट्टी कशी चालली हे त्या वजनावरून कळत नाही. त्यात जनविश्वास कायद्याने हवा कायद्यातल्या बहुतेक शिक्षा बदलल्या. 1 एप्रिल 2024 पासून कैदेच्या जागी 10 हजार ते 15 लाख रुपयांपर्यंतचा दंड आला आहे. मोठ्या कारखान्याला दंड हा खर्चाच्या वहीतला आणखी एक आकडा वाटू शकतो. म्हणून कायद्याच्या जोडीला प्रतिष्ठेचा धाक आणि प्रतिष्ठेची ओढ दोन्ही उभ्या कराव्या लागतील. कायद्याची जागा प्रतिष्ठेने घ्यावी असे माझे म्हणणे नाही; कायदा वर्षातून जेमतेम काही दिवस पाहू शकतो आणि उरलेल्या दिवसांसाठी दुसरे काही लागते, एवढेच म्हणणे आहे.

प्रतिष्ठा कामाला लावण्याचा सर्वांत बोलका प्रयोग इंडोनेशियाने 1995 मध्ये केला. त्या प्रयोगाचे नाव प्रोपर. तो सुरुवातीला पाण्याच्या प्रदूषणापुरता होता, पण त्याची रीत हवेलाही तितकीच लागू पडते. 187 कारखान्यांना पाच रंग देण्यात आले. सोनेरी आणि हिरवा म्हणजे कायद्याने मागितले त्याहून जास्त करणारे, निळा म्हणजे नियम पाळणारे, लाल म्हणजे थोडेफार करूनही कमी पडणारे, आणि काळा म्हणजे काहीच न करता नुकसान करणारे. पहिल्या फेरीत सोनेरी एकही निघाला नाही. 5 हिरवे, 61 निळे, 115 लाल आणि 6 काळे. सरकारने जून महिन्यात फक्त हिरव्या कारखान्यांचा जाहीर सत्कार केला. लाल आणि काळ्यांना त्यांचा रंग खाजगीत कळवला आणि डिसेंबरपर्यंत मुदत दिली. त्यानंतर नावे जाहीर होणार होती. डिसेंबरमध्ये काळे 6 वरून 3 वर आले. सप्टेंबर 1996 पर्यंत काळा एकच उरला, लाल 87 झाले आणि निळे 94. यात कुठलाही कारखाना बंद पाडला गेला नाही की नवा दंड आला नाही. पण सुधारणेचे श्रेय पाच सत्कारांना देणे चुकीचे ठरेल. सत्काराच्या मागे डिसेंबरची तारीख उभी होती, आणि मोजमाप झालेले होते, म्हणून सत्काराला वजन आले. नुसते हिरवे जाहीर करून सरकार थांबले असते तर लाल कारखान्यांना हलण्याचे कारणच उरले नसते.

आपल्याकडे ही वाट अनोळखी नाही. महाराष्ट्राने तर गुणांकनाची आणि जाहीर बक्षिसाची एक परंपराच उभी केली. 2000-01 मध्ये ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांच्या काळात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गावागावांत चुरस लागली, हातात झाडू घेणे कमीपणाचे राहिले नाही, आणि बाहेरून आलेली तपासणी समिती गावाचा उंबरा न् उंबरा पाहू लागली. केंद्राने पुढे निर्मल ग्राम पुरस्कार सुरू केला, त्यात सर्वाधिक पुरस्कार महाराष्ट्राच्या गावांनी मिळवले. 2 ऑक्टोबर 2020 रोजी सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानात भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश अशा पंचतत्त्वांवर गुण मिळतात, म्हणजे हवाही आता गुणपत्रिकेत आली आहे. या परंपरेतून घ्यायचा धडा दुहेरी आहे. मानाची चुरस माणसे हलवते, हे तिने सिद्ध केले. आणि एकदा दिलेला मान परत घेता येत नसेल तर काम सैल पडते, हेही तिनेच दाखवले. निर्मल ग्राम हा पुरस्कार एकदाच मिळत असे. कमान उभी राहिली, फलक लागला, आणि नंतरच्या पाहण्यांत अनेक निर्मल गावांत शौचालये वापरात नसल्याचे, लोक पुन्हा उघड्यावर जात असल्याचे आढळले. फलक मात्र उतरला नाही. हवेच्या बाबतीत हे अधिक घातक आहे, कारण शौचालय निदान भिंत म्हणून उभे राहते; स्वच्छ हवा मात्र यंत्र बंद करताच त्याच तासात जाते. म्हणून हवेचा मान वर्षाच्या मुदतीचा हवा, आणि पुढच्या वर्षी तो टिकला नाही तर तेही तितक्याच जाहीरपणे सांगितले गेले पाहिजे.

देशपातळीवर आज अशी स्पर्धा आहे ती स्वच्छ वायू सर्वेक्षणाची. जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. त्यातल्या 131 शहरांमध्ये रायपूर, भिलाई आणि कोरबा आहेत. या शहरांची क्रमवारी लावली जाते आणि निकाल 7 सप्टेंबरच्या, निळ्या आकाशासाठी स्वच्छ हवा या आंतरराष्ट्रीय दिवसाच्या सुमारास जाहीर होतात. तीन ते दहा लाख लोकवस्तीच्या गटात आपली अमरावती 2023 मध्ये पहिली आली, 2024 मध्ये दुसरी आणि 2025 मध्ये पुन्हा पहिली. हे सातत्य कौतुकाचे आहे, आणि विदर्भातल्या मध्यम शहराची महापालिका मनावर घेतल्यास काय करू शकते याचा तो पुरावा आहे. तरीही रायपूरने अमरावतीची पाटी जशीच्या तशी गिरवून भागणार नाही. अमरावतीच्या वेशीवर स्पंज आयर्नचा पट्टा नाही. शिवाय या सर्वेक्षणात गुण मुख्यतः केलेल्या कामांना आहेत. हवेतले कण प्रत्यक्ष किती उतरले याला फार थोडे गुण आहेत. पैशाचा ओघही तसाच. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने 2024 मध्ये केलेल्या आढाव्यात या कार्यक्रमाखाली खर्च झालेल्या निधीपैकी 64 टक्के रस्त्यांच्या धुळीवर गेल्याचे आणि उद्योगांच्या वाट्याला एक टक्कादेखील न आल्याचे दिसले. आणि सर्वांत मोठी अडचण हद्दीची आहे. बिरगावची महापालिका वेगळी, सिलतरा रायपूर महापालिकेच्या हद्दीबाहेर. शहराला मिळणारा क्रमांक शहराच्या हद्दीपुरता, पण तात्यापाऱ्यात श्वासाबरोबर आत जाणारी हवा मात्र साऱ्या परिसराची. म्हणून मान द्यायचा तर शहराला एकगठ्ठा न देता परिसरातल्या प्रत्येक धुराड्याला आणि प्रत्येक वॉर्डाला त्याच्या त्याच्या कामाप्रमाणे द्यावा लागेल.

मग मोजायचे कुणी, हा कळीचा प्रश्न. त्याचे उत्तर गुजरातने 2009 ते 2011 या काळात शोधले. तिथे कारखाने स्वतःच लेखापरीक्षक निवडत, स्वतःच त्याला पैसे देत, आणि तो धुराड्याचा अहवाल प्रदूषण मंडळाला देत असे. मर्यादा होती 150 मिलिग्रॅम. अहवालांतले आकडे 150 च्या किंचित खाली दाटीवाटीने उभे असत. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी मंडळाबरोबर प्रयोग केला. काही कारखान्यांसाठी परीक्षक चिठ्ठ्या टाकून नेमले, त्यांचे मानधन एका सामायिक निधीतून दिले, आणि त्यांच्या काही मोजण्या दुसऱ्यांकडून पुन्हा तपासल्या. परीक्षक खरे लिहू लागले, आणि विशेष म्हणजे कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. ज्याचा सत्कार करायचा त्याच्याच खिशातून परीक्षकाचे पैसे येऊ नयेत, एवढी साधी शिस्त पाळल्याने हे घडले. रायपूरच्या कुठल्याही पुरस्काराचे हेच पहिले कलम असायला हवे. मोजण्याची साधने आज आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2014 मध्ये अतिप्रदूषक अशा 17 प्रवर्गांतल्या उद्योगांना धुराड्यावर सतत मोजणारी यंत्रे बसवायला सांगितले. लोखंड-पोलाद त्यांत येते. शहरात एम्स, भाटागाव, कृषकनगर आणि सिलतरा इथे हवा सतत मोजणारी केंद्रे आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने 5 जून 2017 रोजी धुराड्यांच्या तपासणीवर एक ते पाच तारे देण्याची योजना काढली, आणि कुठल्या कारखान्याला किती तारे हे कुणालाही पाहता येईल असे ठेवले. म्हणजे साधनेही आहेत आणि नमुनाही शेजारच्या राज्यात आहे.

मात्र मोजले आणि छापले की हवा आपोआप सुधारेल, असा भाबडेपणा नको. सुरतेत 2019 मध्ये सुरू झालेल्या उत्सर्जन व्यापाराच्या प्रयोगाने हे स्पष्ट केले. तिथे तीनशेहून अधिक कारखान्यांच्या धुराड्यांवर मापनयंत्रे बसवली होती, त्यांत कापड प्रक्रियेचे कारखाने बहुसंख्य. साधारण निम्म्या कारखान्यांना जेवढा धूर सोडाल तेवढे परवाने विकत घेऊन हिशेब चुकता करायचा होता. उरलेल्यांवर जुनेच नियम होते. परवान्यांच्या गटातले कणांचे उत्सर्जन दुसऱ्या गटापेक्षा 20 ते 30 टक्क्यांनी कमी झाले, आणि या गटातल्या जवळजवळ सगळ्यांनी हिशेब पाळला. यंत्रे दोन्हीकडे होती. फरक पडला तो आकड्यामागे परिणाम होता तिथे. मानालाही तसा परिणाम जोडला पाहिजे. रायपूरच्या पट्ट्यात सळई तयार होते आणि ती इथल्याच बांधकामांत जाते. सार्वजनिक बांधकाम विभाग आणि महापालिका यांनी आपल्या निविदांत वरच्या दर्जाच्या मिलला प्राधान्य दिले, संमतिपत्राची मुदत दर्जाप्रमाणे लांब-आखूड केली, बँकांनी कर्ज देताना हा दर्जा पाहिला, तर पाटीवरचे तारे व्यवहारात उतरतील. रोलिंग मिलचे उदाहरण घ्या. गार झालेले बिलेट (पोलादाचे ओतीव ठोकळे) पुन्हा कोळशाच्या भट्टीत तापवून लाटायचे, की ओतल्याबरोबर तापलेलेच मिलमध्ये घ्यायचे, हा निर्णय मालकाचा असतो. दुसऱ्या रीतीला हॉट चार्जिंग म्हणतात. तिने तापवण्याची भट्टीच टळते, कोळसा वाचतो आणि तेवढा धूरही. अशा मालकाला सरकारी निविदेत चार गुण जास्त मिळाले तर शेजारचा मालक पुढच्या वर्षी तेच करील. घर बांधणारा तात्यापाऱ्यातला कुटुंबप्रमुखही सळई घेताना भावाबरोबर दर्जा विचारू लागेल.

हे झाले कारखान्यांचे. स्थानिक नेतृत्वाचा मान कसा मोजायचा, हे अधिक नाजूक आहे, पण अशक्य नाही. रायपूर महापालिकेत 70 वॉर्ड आहेत. तात्यापारा त्यांतला एक. नगरसेवकाला भट्टीच्या ईएसपीवर अधिकार नाही, पण वॉर्डात कचरा पेटतो की नाही, रस्ता खोदून किती महिने उघडा राहतो, बांधकामाची रेती झाकलेली आहे की नाही, हे त्याच्या हातातले आहे. छत्तीसगडातच त्याचा उत्तम दाखला आहे. अंबिकापूरमध्ये 2015 पासून, जिल्हाधिकारी ऋतू सैन यांच्या पुढाकाराने, बचत गटांच्या स्त्रियांनी दारोदार कचरा गोळा करून वेगळा करायला सुरुवात केली. जुनी कचराभूमी हटली आणि तिथे बाग झाली. ज्या कचऱ्याचा डोंगर राहत नाही तो पेटतही नाही. त्या स्वच्छता दीदींचे काम पुढे राज्यभर पसरले. धान कापणीनंतर शेतातला पैरा, म्हणजे पेंढा, न जाळता गावच्या गुरांच्या गोठाणाला देण्याची पैरादान मोहीम याच राज्यात चालली. राखेने भरलेला हायवा ट्रक ताडपत्रीशिवाय रस्त्यावर येऊ न देणारा सरपंच, हिवाळ्यात सिगडी आणि गोरसी या शेगड्यांच्या धुराने घरातल्या बाळाला काय होते हे समजावणारी मितानिन म्हणजे गावची आरोग्यसेविका, 1 डिसेंबर ते 31 जानेवारी या काळातली फटाकेबंदी आपल्या गल्लीत पाळून दाखवणारे मंडळ, हे सगळे मानाचे धनी आहेत. इथे निकष असे हवेत की ते कुणालाही जाऊन तपासता येतील: वर्षभरात वॉर्डात कचरा पेटल्याच्या किती तक्रारी आल्या आणि किती तासांत आग विझली, खोदलेला रस्ता किती दिवसांत बुजला, किती उघडे आणि किती झाकलेले ट्रक नाक्यावरून गेले. भाषण किती झाले आणि रोपे किती लावली याला शून्य गुण असावेत.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप नैतिक आहे: कायदा पाळणे हे कर्तव्य, कर्तव्याचा सत्कार कसला? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच प्रोपरचा निळा रंग महत्त्वाचा. नियम पाळणाऱ्याचे नाव यादीत यावे, हारतुरे त्याला नकोत. हार फक्त कायद्याच्या पलीकडे गेलेल्याला. दुसरा आक्षेप असा की अशा पुरस्कारांनी बड्या कंपन्यांचे चेहरे उजळतात आणि धूर झाकला जातो. ही भीती खरी आहे, विशेषतः जिथे उत्सवाच्या मांडवाचा खर्च उद्योगच उचलतात. त्यावर उपाय म्हणून पुरस्काराला कुठल्याही उद्योगाचा, उद्योगसंघाचा किंवा त्यांच्या सामाजिक निधीचा पैसा घेऊ नये, आणि अनुत्तीर्णांची यादी त्याच दिवशी, त्याच पानावर छापावी. ज्या आयोजकांना ही दुसरी यादी छापण्याचे धैर्य नाही त्यांनी पहिलीही छापू नये. तिसरा आक्षेप छोट्या उद्योजकांचा: मोठ्या कारखान्याकडे सल्लागार आहेत, अर्ज भरायला माणसे आहेत; उकडा तांदूळ काढणाऱ्या, कोंडा जाळणाऱ्या राइस मिलने काय करावे? म्हणून अर्जच नसावेत. निवड मोजणीतून व्हावी, अर्जातून नव्हे, आणि छोट्यांचा गट वेगळा ठेवून त्यांत मागील वर्षाच्या तुलनेत झालेली सुधारणाही धरावी. चौथा आक्षेप हवामानाचा: पाऊस चांगला झाला की आकडे आपोआप उतरतात. बरोबर आहे, म्हणून कारखान्याचा हिशेब शहराच्या हवेवरून न करता त्याच्या स्वतःच्या धुराड्यावरून करायचा. पाचवा आक्षेप बिरगावच्या कामगाराचा आहे आणि तो सर्वांत जड आहे. प्रदूषणाचा विषय निघाला की त्याला कारखाना बंद पडण्याची धास्ती वाटते. त्याला सांगितले पाहिजे की दर्जाची ही रीत कारखाना चालू ठेवून धूर कमी करण्याची आहे, आणि भट्टीच्या पायथ्याशी आठ तास उभा राहणारा तोच या सुधारणेचा पहिला लाभधारक आहे. ईएसपी चालू ठेवण्याचा आणि झाकण मिटलेले ठेवण्याचा निर्णय पाळीतला फोरमन अमलात आणतो. मालकाला मान मिळाला तर त्या पाळीचेही नाव त्यात यावे आणि बक्षिसाची रक्कम तिच्या हातात पडावी.

राहता राहिला प्रश्न, हे सुरू कुणी करायचे. पर्यावरण संरक्षण मंडळाने दर्जाची यादी काढावी हे उत्तम, आणि तो आग्रह सोडू नये. पण नागरिकांच्या संस्थांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ, इथली गणेशोत्सव मंडळे, व्यापारी संघटना, डॉक्टरांच्या संघटना, विद्यापीठातले रसायनशास्त्राचे विभाग यांच्याजवळ प्रतिष्ठा आहे, आणि प्रतिष्ठा असलेल्याच्याच मानाला किंमत येते. तात्यापाऱ्यातल्या मंडळांनी धुराडी मोजायची नाहीत. ते काम त्यांचे नाही. त्यांनी तीन मागण्या करायच्या: धुराड्यांवरच्या सततच्या मापनाचे आकडे सामान्य माणसाला वाचता येतील असे रोज जाहीर करा, परीक्षक चिठ्ठ्या टाकून नेमा आणि त्यांचे पैसे सामायिक निधीतून द्या, रायपूर, बिरगाव आणि सिलतरा यांचा हिशेब एकत्र मांडा. या मागण्या मान्य होईपर्यंत एक निर्णय त्यांच्या पूर्णपणे हातातला आहे. उत्सवाच्या व्यासपीठावर कुठल्या उद्योजकाला आणि कुठल्या लोकप्रतिनिधीला बसवायचे, कुणाच्या खांद्यावर शाल घालायची, हे मंडळेच ठरवतात. ज्याने आपल्या धुराड्याचे वा आपल्या वॉर्डाचे वर्षभराचे आकडे लोकांसमोर ठेवले त्यालाच पुढच्या वर्षी व्यासपीठावर जागा, एवढा एक नियम केला तरी देणगीच्या जोरावर मिळणारा मान बंद होईल आणि कामाच्या जोरावर मिळणारा सुरू होईल. यासाठी कुठल्या सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही. लागते ती फक्त देणगी नाकारण्याची तयारी, आणि ज्या संस्थांनी परमुलखात आपली भाषा आणि शाळा टिकवल्या त्यांना ती जड जाऊ नये.